रोषणाईतला रूपक

दुर्गोत्सव पाहावा तर आधी कोलकात्याचा आणि मग आमचा, असे यवतमाळचा माणूस छातीठोकपणे सांगतो. नवरात्रात दारव्हा, आर्णी, घाटंजीकडची माणसे खास रोषणाई बघायला शहरात येतात. कमानींवर पळणाऱ्या दिव्यांच्या माळा आता बाजारात तयारच मिळतात आणि बिघडल्या की फेकून दिल्या जातात. ज्यांची तरुण वर्षे ऐंशी-नव्वदच्या दशकात मंडळाच्या मंडपात गेली, त्यांना मात्र ‘चेसर’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एक छोटा बोर्ड, त्यावर दोन काळ्या आयसी आणि गती कमीजास्त करायला एक व्हॉल्यूम. गल्लीत आयटीआयला जाणारा एखादा मुलगा असायचाच, तो हा बोर्ड घरी जोडून आणायचा आणि दहा दिवस मंडळात भाव खायचा.

त्या दोन आयसींचे नंबर ५५५ आणि ४०१७. पुढे जे काही सांगायचे आहे ते याच दोघींच्या आधाराने सांगतो, कारण चेसर हा एक मुका सीक्वेन्सर आहे. सीक्वेन्सर म्हणजे ठरवून दिलेले स्वर ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या लयीत, पुन्हा पुन्हा वाजवणारे यंत्र. दिव्याच्या जागी स्वर ठेवला की काम झाले. परदेशी बनावटीचे असे यंत्र घ्यायचे तर काही हजार रुपये जातात. घरचे यंत्र त्याच्या अगदी थोड्या पैशांत होते, पण स्वस्ताई हे ते बांधण्याचे खरे कारण नव्हे. कारखान्यातले यंत्र किती मात्रा मोजायच्या आणि सप्तकाचे किती भाग करायचे हे आधीच ठरवून येते. घरच्या यंत्रात या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात राहतात. आपल्या संगीताला याची फार गरज आहे.

आधी घड्याळ. ५५५ ही आयसी हान्स कामेंझिंड नावाच्या स्विस वंशाच्या अभियंत्याने १९७१ मध्ये आखली आणि सिग्नेटिक्स कंपनीने ती पुढच्या वर्षी बाजारात आणली. तिचे काम साधे आहे. बाहेर जोडलेला कंडेन्सर रेझिस्टरमधून भरू द्यायचा, बॅटरीच्या दोन तृतीयांश व्होल्टेजपर्यंत आला की रिकामा करायचा, एक तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरू द्यायचा. प्रत्येक फेरीला बाहेर एक ठोका पडतो. कंडेन्सर दहा मायक्रोफॅरडचा, एक रेझिस्टर दहा किलोओहमचा, आणि दुसऱ्या जागी दहा किलोओहम अधिक शंभर किलोओहमचा व्हॉल्यूम घेतला, तर मिनिटाला सुमारे ३८ पासून २८८ पर्यंत ठोके मिळतात. विलंबितापासून द्रुतापर्यंतचा पल्ला एका व्हॉल्यूममध्ये आला. दोन्ही उंबरे बॅटरीच्या व्होल्टेजच्या प्रमाणात ठरत असल्याने बॅटरी थोडी उतरली तरी लय ढळत नाही. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या विदर्भात हा गुण लहान मानता येणार नाही.

आता ४०१७. पंगतीत बसलेल्या दहा जणांना एकच वाढपी एकेक करून वाढत जातो, तसे तिचे चालते: ठोका आला की पुढच्या पायावर वीज, आधीच्या पायावरची बंद. दहावा झाला की पुन्हा पहिला. पाय मात्र क्रमाने नाहीत आणि नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. पहिली मात्रा तिसऱ्या पायावर, दुसरी दुसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर, चौथी सातव्यावर, पाचवी दहाव्यावर, सहावी पहिल्यावर, सातवी पाचव्यावर, आठवी सहाव्यावर, नववी नवव्यावर आणि दहावी अकराव्यावर. हे पाठ करण्यात अर्थ नाही, कागदावर लिहून बोर्डाशेजारी चिकटवावे. ठोका चौदाव्या पायावर द्यायचा. तेरावा पाय बॅटरीच्या ऋणाला जोडायचा, नाहीतर मोजणी सुरूच होत नाही.

राहिला पंधरावा पाय. त्याला ‘रीसेट’ म्हणतात. त्याच्यावर वीज आली की मोजणी जिथे असेल तिथून पहिल्या मात्रेवर येते. मंडपातल्या चेसरमध्ये कुणी चारच माळा लावल्या असतील, तर पाचवा निकास, म्हणजे पाचव्या मात्रेचा पाय, पंधराव्या पायाला जोडलेला असायचा. दिव्यांसाठी ती एक सोय होती. गाण्याच्या दृष्टीने तीच तार ताल ठरवते. आठव्या मात्रेचा पाय, म्हणजे सहावा, पंधराव्याला जोडला की यंत्र सातच मात्रा मोजते. आठवी येते न येते तोच मोजणी पहिल्यावर परत जाते, डोळ्याला आणि कानाला तिचा पत्ताही लागत नाही. हा झाला रूपक. तीच तार पाचव्या पायाला लावा, सहा मात्रांचा दादरा. नवव्याला लावा, आठ मात्रांचा केरवा. ती काढून पंधरावा पाय थेट ऋणाला जोडा, दहा मात्रांचा झपताल. सहा निकासांचा फिरता स्विच बसवला तर मैफलीत बसल्या बसल्या ताल बदलता येतो. एकताल आणि त्रितालासाठी दहाच्या पुढे जावे लागते. तिथे ४५२० हा मोजणी करणारा आणि ४०६७ हा सोळा वाटा असलेला स्विच अशी जोडी लागते. ते काम थोडे वाढीव आहे, अवघड नाही.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. मंडपातले जुने चेसर घरच्या २३० व्होल्टवर ट्रायॅकमार्फत दिवे पेटवायचे, आणि त्या बोर्डाचा प्रत्येक भाग जिवंत विजेशी जोडलेला असू शकतो. तसा बोर्ड उघडून त्यातून आवाज काढण्याचा उद्योग कुणी करू नये. आपले यंत्र नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच चालवायचे.

आवाजासाठी दुसरी ५५५ घ्यायची. पहिली सेकंदाला दोन-चार ठोके देते, दुसरीने दोन-चारशे द्यायचे. कंडेन्सर तेवढा लहान, ०.१ मायक्रोफॅरडचा. या आयसीचा कंडेन्सर भरणारी वीज आपण बॅटरीतून देत नाही, ४०१७ च्या निकासांतून देतो. प्रत्येक निकासापासून एक डायोड, मग ४७ किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा व्हॉल्यूम), त्याच्यासोबत ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, आणि सगळ्यांची टोके एकत्र करून दुसऱ्या ५५५ च्या सातव्या पायाला. सातव्या आणि सहाव्या पायांमध्ये दहा किलोओहम. ज्या मात्रेवर वीज असेल त्या मात्रेचा प्रीसेट स्वर ठरवतो. डायोड बाकीच्या मात्रांना मधे पडू देत नाहीत.

हिशेब इतका सरळ उतरतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या ग्रंथांत षड्जाची आंदोलने २४० धरण्याची रीत आहे. या जोडणीत २४० साठी प्रीसेटच्या वाटेचा एकूण रोध ४० किलोओहम लागतो. रिषभाच्या २७० साठी ३३.३, गांधाराच्या ३०० साठी २८, पंचमाच्या ३६० साठी २०, धैवताच्या ४०० साठी १६ आणि तार षड्जाच्या ४८० साठी १०. हा भूप झाला. डायोड थोडे व्होल्टेज खातो, म्हणून प्रत्यक्षात आकडे जरा सरकतात आणि शेवटची जुळवणी कानानेच करायची असते. तंबोरा लावून बसावे आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने एकेक प्रीसेट फिरवत जावे. पट्टी बदलायची तर प्रीसेटना हात लावायची गरज नाही. कंडेन्सरला तसाच दुसरा समांतर जोडला की सगळे सप्तक एकदम अर्ध्या आंदोलनांवर उतरते आणि स्वरांची आपापसातली नाती जागच्या जागी राहतात.

एखाद्या मात्रेची तार छोट्या स्विचने तोडली तर ती मात्रा मुकी होते. रूपकासाठी हा स्विच हवाच. रूपकाची सम ‘खाली’वर असते, आणि पहिल्याच मात्रेवर यंत्र गप्प बसले की ऐकणाऱ्याला समेची जागा अधिक स्पष्ट कळते. पाश्चात्त्य यंत्रांच्या माहितीपुस्तकांत पहिल्या ठोक्यावर जोर द्यायला सांगितलेले असते. ते इथे विसरायचे.

स्वरांच्या या मोकळिकीला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. बाजारातल्या कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग असतात. षड्ज २४० धरला तर त्याचा गांधार ३०२.४ आंदोलनांवर पडतो, आणि तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार असतो ३०० वर. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला दोनहून जास्त वेळा आवाज थरथरतो. कान तयार असलेल्या माणसाला ही थरथर सोसत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी निवृत्तीनंतर या प्रश्नाला वाहून घेतले. अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्यावरून त्यांनी श्रुतींची मोजमापे घेतली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढले. मग ई. क्लेमेंट्स या संगीतवेड्या न्यायाधीशाच्या साथीने त्यांनी श्रुतींची हार्मोनियम घडवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याला झालेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर खल झाला आणि ती मान्य झाली नाही. पुढे १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमलाच दार बंद केले, ते तीस वर्षांनंतर किलकिले झाले. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम पुन्हा घडवली. या सगळ्यांचे भांडण एकाच गोष्टीशी होते: पट्टीखालचा स्वर कारखान्यात कायमचा ठरून येतो. वीस रुपयांच्या आतल्या प्रीसेटला ही अडचण नाही. त्याचा गांधार २८ किलोओहमवर ठेवा, कोमल हवा तर ३० वर, दरबारीसाठी त्याहून थोडा पुढे. देवलांना असा प्रीसेट मिळाला असता तर त्यांनी काय केले असते, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

या यंत्रात मींड नाही, हेही सांगून टाकतो. स्वर पायरीवरून पायरीवर उडी मारतो. आणि ५५५ चा आवाज कच्चा असतो. तिची लहर चौकोनी, म्हणून मूळ स्वरासोबत वरचे अंश भरपूर ऐकू येतात. हा कर्कशपणा गाळण्यासाठी एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर पुरतो. दहा किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड घेतले तर सुमारे १६०० आंदोलनांच्या वरचे सगळे हळूहळू मवाळ होते. रेझिस्टरच्या जागी व्हॉल्यूम लावा, वाजता वाजता फिरवा, आणि त्याच स्वराचा पोत बदलताना ऐका. सिंथेसायझर नावाच्या मोठ्या यंत्राचा अर्धा जीव या गाळणीत असतो. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन ऐकून लोकांना गारुडी आठवला, पण ती वाजवली होती कल्याणजी वीरजी शहा यांनी, क्लाव्हियोलिन या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या फ्रेंच वाद्यावर. कच्च्या विद्युत लहरीला गाळून आकार दिला की काय होते, याचा तो भारतातल्या सर्वांत जास्त ऐकला गेलेला नमुना असावा.

मोठ्या आवाजासाठी वेगळा शोध घ्यायची गरज नाही, खेड्यापाड्यांतल्या पोरांनी तो केव्हाच लावला आहे. सॅन्यो कंपनीची एलए४४४० ही आयसी मुळात मोटारीतल्या टेपसाठी केलेली. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ती दोन बाजूंना सहा-सहा वॅट देते, आणि दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर एकोणीस. तिचा जुळवलेला बोर्ड तालुक्याच्या गावीही मिळतो. त्याला ट्रॅक्टरची बॅटरी लावायची आणि स्पीकर मातीच्या माठाच्या तोंडावर बसवायचा, ही गावठी युक्ती. माठातली हवा खालचे स्वर उचलून धरते. आमच्या रूपकातला मंद्र षड्ज माठातून जितका भरीव येतो तितका महागड्या छोट्या स्पीकरमधून येत नाही. घरात ऐकायचे असेल तर एलएम३८६ पुरे.

सुटे भाग कुठे मिळतात हा प्रश्न पूर्वी गंभीर होता. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, नाहीतर कुणी नागपूरला जाणारा गाठायचा. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकातले सर्किट वहीत उतरवून घ्यायचे आणि एक आयसी नाही म्हणून दोन महिने थांबायचे. आता पार्सल घरी येते. तरीही गावातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ४०१७ मागून पाहावी. दुकानदार जुना असेल तर ‘चेसरची आयसी का?’ असे विचारून डबा पुढे करतो.

पुढची पायरी कीबोर्डवर चालणाऱ्या सिंथेसायझरची, आणि तिथे यवतमाळचे हवामान आडवे येते. रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून जी यंत्रे केली त्यांत एक व्होल्ट वाढले की स्वर एक सप्तक चढतो, हा नियम रुजला. व्होल्टेजची समान वाढ आणि आंदोलनांची दुप्पट यांचा मेळ घालणारे काम ट्रान्झिस्टर करतो, आणि ट्रान्झिस्टरचा हा गुण तापमानाच्या प्रमाणात बदलतो. पंचवीस अंशांवर अचूक लावलेले यंत्र मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर नेले, की जिथे पूर्ण सप्तक चढायला हवे तिथे ते जवळपास पाऊण अर्धस्वर अलीकडेच थांबते. सकाळी सुरेल आणि दुपारी बेसूर. अमेरिका-जपानमधले आराखडे वीस-बावीस अंशांच्या खोलीत तपासलेले असतात. ते जसेच्या तसे इथे उतरवणाऱ्याची फसगत ठरलेली. उपाय दोन. उष्णतेबरोबर तेवढ्याच प्रमाणात वाढणारा खास रेझिस्टर ट्रान्झिस्टरला चिकटवून बसवायचा, किंवा ट्रान्झिस्टरची जोडी मुद्दाम गरम ठेवायची, म्हणजे बाहेरच्या उन्हाचा तिला फरक पडत नाही. पहिला उपाय आपल्याकडे जास्त बरा. आपल्या साध्या ५५५ च्या यंत्राला ही बाधा फार होत नाही, मात्र स्वराच्या जागी सिरॅमिक चकतीचा कंडेन्सर वापरला तर तोही उन्हात सरकतो. हिरवा पॉलिएस्टरचा घ्यावा.

भारतात ही यंत्रे अशा खटपटीच्या वाटेने आली नाहीत. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर अशांनी त्यावर काम केले, काही वर्षांत स्टुडिओ थंडावला आणि ध्वनिफिती कपाटात गेल्या. पॉल परगस यांनी त्या शोधून काढल्यावर २०२३ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केरसी लॉर्ड यांच्यासारखे वादक नवी परदेशी वाद्ये वापरत होते, पण ती उघडून आत पाहण्याला तिथे वेळ कुणाला होता?

चरणजितसिंग यांची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गिटार आणि इतर वाद्ये वाजवणारा हा वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे मिळवली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हा छोटा बेस सीक्वेन्सर. १९८२ मध्ये त्यांनी डिस्को ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले, भैरवी, ललत, तोडी, मधुवंती, मालकंस वगैरे. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये हॉलंडमधून ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली, कारण शिकागोत १९८७ मध्ये ज्या आवाजाने ‘अ‍ॅसिड हाउस’ सुरू झाले असे मानतात, तो ३०३ चा वळणारा-सरपटणारा आवाज या तबकडीत पाच वर्षे आधीच होता. त्यावरून कुणी त्यांना त्या संगीताचे जनकही ठरवले. हे मला पटत नाही, शिकागोच्या पोरांनी ती तबकडी ऐकल्याचा काही पुरावा नाही. चरणजितसिंगांचे श्रेय वेगळ्या जागी आहे. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. कंपनीने ती बेस गिटारची नक्कल करण्यासाठी दिलेली. त्यांनी तिच्यात मींड ओळखली.

त्या तबकडीची मर्यादाही तशीच बोलकी आहे. राग दहा, ठेका मात्र एकच. ८०८ च्या तोंडावर सोळा बटणे ओळीने बसवलेली, चार-चारच्या रंगांत. मात्रा कमी करण्याची सोय यंत्रात आहे, पण समोर सोळा बटणे दिसली की हात चौपटीतच चालतो. जे आपल्याकडच्या लोकांनी आपल्यासाठी बांधले त्यात असे झाले नाही. बेंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला आणि पुढे त्यांच्याच कंपनीची तालयंत्रे आली, ती रूपक, झपताल, एकताल पोटात घेऊनच. संगीत शिकणाऱ्या मराठी घरांत या पेट्या इतक्या रुळल्या की त्या सीक्वेन्सर आणि सिंथेसायझरच आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आज आर्डुइनोसारख्या छोट्या संगणकी बोर्डवर हे सगळे चार ओळी लिहून होते. मोझ्झी नावाचा मोफत कोडसंच त्यासाठीच आहे. चौदा मात्रांचा धमार हवा, एक आकडा बदला. अभियांत्रिकीच्या मुलांनी तिकडे जरूर जावे. पण सुरुवात ४०१७ पासून करावी असा माझा आग्रह आहे. तिथे ताल म्हणजे एक तार असते. ती हाताने उपटून दुसरीकडे लावताना आवर्तन कसे तुटते आणि कसे जुळते ते कानाला कळते.

अशी दोन यंत्रे एकाच घड्याळावर चालवून पाहावीत. एक सात मात्रांचे, दुसरे पाचांचे. समा एकमेकींपासून सुटतात, वेगवेगळ्या जागी भेटल्यासारख्या होतात आणि बरोबर पस्तिसाव्या मात्रेनंतर एकत्र येतात. सात आणि दहा घेतले तर सत्तर मात्रा. मिनिटाला एकशे वीसच्या लयीत ते पस्तीस सेकंद होतात, आणि तेवढा वेळ एकही चरण पुन्हा तसाच येत नाही. तिहाई ज्याला आवडते त्याला हे ऐकताना घर सोडवत नाही.

माणसांबरोबर वाजवायचे ठरवले की वेगळी अडचण येते. नागपूर-विदर्भातल्या धुमाल पार्ट्या पाहिल्या असतील तर कीबोर्ड, बेंजो, पॅड आणि ढोल एका गाडीवर कसे नांदतात ते आठवा. मिरवणूक रंगात आली की लय चढते, सगळे मिळून चढवतात. यंत्राची लय चढत नाही. व्हॉल्यूमवर एकाने हात ठेवून बसावे तर त्याचा हात नेहमी अर्धी मात्रा मागे. यावर उपाय म्हणजे घड्याळच यंत्राकडून काढून घ्यायचे आणि वादकाला द्यायचे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेमुळे यवतमाळ-अमरावतीकडे गुरुदेव सेवा मंडळांच्या भजनात खंजिरी असतेच. बझरमध्ये असते ती पितळी पिझो चकती घ्यावी आणि खंजिरीच्या चामड्याच्या आतल्या अंगाला, कडेजवळ चिकटवावी. थाप पडली की चकतीतून विजेचा झटका निघतो. तो बीसी५४७ ट्रान्झिस्टरमार्फत पहिल्या ५५५ ला द्यायचा, आणि ती ५५५ आता सतत ठोके देण्याऐवजी एका थापेला एकच ठोका देईल अशी जोडायची. ही जोडणी महत्त्वाची, कारण थापेनंतर चामडे थरथरत राहते, चकत्या असतील तर त्याही किणकिणतात, आणि प्रत्येक थरथर यंत्र वेगळी मात्रा समजून मोजते. शंभर किलोओहम आणि एक मायक्रोफॅरड लावले तर एका थापेनंतर सुमारे एक दशांश सेकंद यंत्र दुसरे काही ऐकत नाही. खंजिरीवाला बोटे फार जलद चालवणारा असेल तर कंडेन्सर निम्म्याचा करावा. शिवाय वादकाशी आधी ठरवून घ्यावे: मात्रेची थाप जोरात, भरीचे बोल हलके, आणि हलके बोल यंत्रापर्यंत पोचू नयेत म्हणून ट्रान्झिस्टरच्या आधी एक प्रीसेट.

एवढे जमले की यंत्र भजनामागे चालू लागते. गायक थांबला, खंजिरी थांबली की यंत्रही त्याच मात्रेवर उभे राहते. मधेच एखादी थाप निसटली तर मात्र सम सरकते आणि आपोआप परत येत नाही. त्यासाठी पंधराव्या पायाला धनाकडून एक दाबाचे बटण जोडून ते खंजिरीवाल्याच्या पायाशी ठेवावे. तालासाठी जोडलेली तार त्याच पायाला असल्याने दोन्ही वाटांवर एकेक डायोड टाकायला हवा आणि पायापासून ऋणाकडे दहा किलोओहम. हे बटण समेच्या आधी दाबून चालत नाही. ते दाबताच यंत्र पहिल्या मात्रेवर आलेले असते आणि पुढची थाप त्याला दुसऱ्या मात्रेवर नेते. म्हणून नेमक्या समेवर, थापेच्या ऐवजी, पाय दाबायचा. रूपकात तर पहिली मात्रा मुकीच ठेवलेली असते, तेव्हा त्या क्षणी खंजिरीही वाजत नाही आणि यंत्रही, आणि गायकाने मुखडा बरोबर तिथेच उचलायचा असतो.